लॉग फाइलच्या नावातील तारीख

ठरल्या वेळी रोज चालणारी शेल स्क्रिप्ट आपल्या कामाची नोंद लॉग फाइलमध्ये लिहिते. फाइलचे नाव रोज तेच असले आणि नोंद एकेरी '>' चिन्हाने वळविलेली असली, तर आजची नोंद कालची पुसून टाकते. शब्दसंग्रहात मंगळवारी शिरलेला दोष शुक्रवारी ध्यानात आला, तर मंगळवारचा पुरावा तोवर नष्ट झालेला असतो. ह्यास्तव नावातच तारीख घालावयाची.

ती पुरविते 'डेट' ही आज्ञा. डॉलरचिन्हापुढील कंसात ती लिहिली असता शेल प्रथम तिचे उत्तर मिळविते व ते नावात बसविते. उत्तराचे रूप टक्काचिन्हापुढील रोमन अक्षरांनी ठरते, आणि तेथे लहान व मोठ्या लिपीतील भेद अर्थभेदक असतो. लहान 'एम' म्हणजे महिना. मोठा 'एम' म्हणजे मिनिटे. देवनागरीत असा भेदच नसल्यामुळे आपली नजर त्यावरून घसरण्याचा संभव अधिक. महिन्याच्या जागी ४२ उमटले तर चूक उघड होते. परंतु सात वाजून आठ मिनिटांनी चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये ०८ हा आकडा ऑगस्ट म्हणून बिनबोभाट खपतो. मोठा 'डी' तिरक्या रेघांची अमेरिकी तारीख देतो, आणि तिरकी रेघ फाइलच्या नावात चालत नाही, कारण ती डिरेक्टरींची सीमा दाखविते.

मोठा 'वाय', लहान 'एम', लहान 'डी' हाच क्रम ग्राह्य होय: २०२४-०७-१५. आयएसओ ८६०१ ह्या मानकाने (१९८८) तोच स्वीकारला आहे. कोशातील शब्दांप्रमाणे नावे डावीकडून लावली जातात. वर्ष प्रथम असले की अक्षरानुक्रम व कालानुक्रम एकच होतात. दिवस प्रथम लिहिल्यास १ ऑगस्ट २ जुलैच्या आधी येतो.

स्क्रिप्टच्या आरंभी तारीख एकदाच चलात साठवावी. मध्यरात्र उलटताना ती पुन्हा विचारल्यास एकाच कामाची नोंद दोन फाइलींत विभागते. आज्ञा थेट क्रॉनटॅबमध्ये लिहावयाची असल्यास प्रत्येक टक्काचिन्हापूर्वी उलटी तिरकी रेघ हवी, कारण क्रॉन ते चिन्ह ओळीचा शेवट समजतो. सर्व्हरचे घड्याळ यूटीसीवर असेल, तर भारतीय वेळेनुसार पहाटे साडेपाचपर्यंतच्या नोंदींवर आदल्या दिवसाची तारीख पडते.