अंकीय अलंकार-अभिकल्प आणि अलंकार धारण करणाऱ्यांची भाषा : खापर परिसराच्या संदर्भात

‘अंकीय अलंकार-अभिकल्प’ ह्या सामासिक पदाचा विग्रह दोन प्रकारे करता येतो आणि त्याबरोबर अभ्यासाचे दोन निरनिराळे विषय उभे राहतात. ‘अंकीय’ हे विशेषण ‘अलंकार’ ह्या पदाचे मानले, तर ज्याच्या अंगी संगणकीय यंत्रणा बसविली आहे असा अलंकार, असा अर्थ होतो. तेच विशेषण ‘अभिकल्प’ ह्या पदाकडे नेले, तर अलंकार नेहमीचाच, मात्र त्याची आखणी संगणकावर झालेली, असा अर्थ निघतो. ह्या दोन अर्थांची गल्लत झाल्यामुळे बराचसा निरर्थक वाद होत असतो.

पहिल्या अर्थाचा विचार येथे थोडक्यात पुरे. अमेरिकेत १९९८ साली डॅलस सेमीकंडक्टर ह्या कंपनीने अंगठीच्या माथ्यावर सूक्ष्म संगणक बसवून दाखविला. पुढे दोन-तीन वर्षांत आय.बी.एम.च्या संशोधकांनी कर्णभूषणे, कंठी व अंगठी ह्यांत दूरध्वनीची अंगोपांगे विभागून घालण्याचे नमुने तयार केले. ह्या प्रयत्नांत अलंकार हा यंत्र ठेवण्याची डबी एवढाच उरला होता. ह्या दृष्टीला खरे वळण मिळाले ते जेन वॉलेस ह्या ब्रिटिश अलंकारकर्तीच्या कामाने. शेफील्ड हॅलम विद्यापीठात २००७ साली पूर्ण झालेल्या तिच्या प्रबंधात आरंभ यंत्रापासून न होता व्यक्तीपासून होतो : त्या व्यक्तीच्या आठवणीत काय मोलाचे आहे, हे आधी जाणून घ्यावयाचे आणि मग घडवावयाचे.

ह्यालाच उपयोजककेंद्री पद्धती म्हणतात. हे नाव रूढ झाले ते मुख्यतः डोनाल्ड नॉर्मन व स्टीफन ड्रेपर ह्यांनी १९८६ साली संपादिलेल्या ग्रंथामुळे. १९९९ साली तिचे आंतरराष्ट्रीय मानकही निघाले. त्याच वर्षी विल्यम गेव्हर आणि त्यांचे सहकारी ह्यांनी आणखी एक युक्ती मांडली. ओस्लो, ॲम्स्टरडॅमजवळचे बेल्मर आणि इटलीतील पेच्चोली येथील वृद्धांना त्यांनी प्रश्नावली न देता पोस्टकार्डे, नकाशे व एक छायाचित्रयंत्र असलेले पुडके दिले आणि जे परत येईल ते वाचले. प्रश्न विचारणाऱ्याच्या भाषेचे दडपण उत्तरावर पडू नये, हा त्यातील हेतू भाषाभ्यासकास विशेष जवळचा वाटेल.

आता दुसऱ्या अर्थाकडे वळू. कारण महाराष्ट्रात प्रत्यक्ष घडत आहे ते हेच. मुंबईच्या सीप्झ क्षेत्रातील निर्यातदार कारखान्यांत दागिन्याची आकृती संगणकावर आखतात, त्रिमिती मुद्रणयंत्रातून तिचा मेणाचा नमुना काढतात, त्या मेणाभोवती साचा करून मेण वितळवून टाकतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत धातू ओततात. चार्ल्स हल ह्यांनी १९८६ साली ज्याचे एकस्व मिळविले ते थरावर थर चढविण्याचे मुद्रण नवे आहे. पण मेण घालवून धातू ओतण्याची रीत अतिप्राचीन आहे. दायमाबाद येथे १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला सापडलेली कांस्य शिल्पे ह्याच रीतीने ओतलेली आहेत. तेव्हा यंत्राने कारागिराची संपूर्ण हकालपट्टी केली, असे म्हणणे यथार्थ नव्हे. यंत्राने बदलले आहे ते आकृती ठरविण्याचे ठिकाण. पूर्वी ती सोनाराच्या पाटासमोर बसून, गिऱ्हाईक आणि कारागीर ह्यांच्या बोलण्यातून ठरत असे.

ह्या बोलण्याचे काय होते, हे पाहण्यास खापर हे ठिकाण उपयुक्त आहे. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील हे गाव गुजरातच्या सीमेजवळ आहे. ह्या परिसरात वसावी व अन्य भिल्ली बोली, अहिराणी, गुजराती आणि मराठी एकमेकींत मिसळतात. ग्रिअर्सन ह्यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०७ सालच्या खंडात भिल्ली बोली व खानदेशी एकत्र घेतल्या आहेत, त्या उगीच नव्हेत. ह्याच तालुक्यातील काठी येथील होळीत आणि तिच्या आधीच्या भोंगऱ्या बाजारांत सातपुड्यातील स्त्रिया अंगभर चांदी लेऊन येतात. गळ्यातील भरीव, जाड कडे हा त्यांतील ठळक अलंकार. हिंदीत त्याला हँसली आणि गुजरातीत हांसडी म्हणतात, आणि दोन्ही भाषांत तोच शब्द गळ्याखालच्या हाडाचाही वाचक आहे. अलंकाराचे नाव येथे तो ज्या हाडावर टेकतो त्याचे आहे. मराठीतील बोरमाळ, चिंचपेटी, मासोळ्या ही नावे आकारावरून पडली. संगणकाला आकाराची भाषा सहज कळते, टेकण्याची कळत नाही. पडद्यावरच्या पुतळ्याच्या सडपातळ गळ्यावर आखलेले कडे कष्टाने रुंदावलेल्या खांद्यांवर कसे बसेल, हे आकृतीवरून समजत नाही.

पण ह्याहून महत्त्वाची गोष्ट वजनाची आहे. संगणकीय आखणीचा मोठा लाभ म्हणून धातूची बचत सांगितली जाते : बाह्य रूप तेच ठेवून आतून पोकळी काढावयाची. चांदीची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे १०.५ ग्रॅम आहे. म्हणजे ५०० ग्रॅमच्या भरीव कड्याचे घनफळ सुमारे ४८ घनसेंटिमीटर भरते. त्यातील निम्मे पोकळ केले, तर छायाचित्रात तसूभरही फरक न पडता चांदी २५० ग्रॅम उरते. शहरातील गिऱ्हाइकास हे सुखाचे आहे. हलका दागिना घालण्यास बरा आणि खिशास परवडणारा. परंतु ज्या घरची माणसे पावसाळ्यानंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात, त्या घरी चांदी ही शोभेइतकीच शिल्लकही असते. अडीअडचणीला ती गहाण पडते किंवा मोडीत जाते, आणि मोडीत घडणावळ मिळत नाही, वजन तेवढे मिळते. ह्या स्त्रीच्या दृष्टीने वजन हा दागिन्याचा दोष नसून त्याचे प्रयोजन आहे. म्हणूनच ‘हे तुम्हाला जड वाटते का?’ ह्या प्रश्नाचे ‘हो’ हे उत्तर तक्रार म्हणून नोंदविले, तर सर्व अभ्यास उलट दिशेस जाईल. तेथे ‘जड’ ही बहुधा प्रशंसा असते.

आपल्या सोनारकीची परिभाषा ह्या बाबतीत किती दक्ष आहे, हे पाहण्यासारखे आहे. भरीव आणि पोकळ, घडीव आणि ओतीव, त्याखेरीज लाख भरलेला, हे भेद तिने शब्दांत पक्के करून ठेवले, कारण फसगत नेमकी तेथेच होते. जर्मन सिल्व्हर ह्या नावात तर चांदी आहे, धातूत मुळीच नाही. तो तांबे, निकेल व जस्त ह्यांचा मिश्रधातू होय. संगणकावरील नोंदीत मात्र पुष्कळदा एक चित्र आणि एक क्रमांक एवढेच असते.

मापांच्या शब्दांतही असेच खड्डे आहेत. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, १९५६ च्या कायद्याने दशमान वजने आली, तरी तोळा बोलण्यातून गेला नाही, मात्र पेढीवर तो आता १० ग्रॅमचा समजतात. आजीचे ४० तोळ्यांचे कडे जुन्या मापाने सुमारे ४६६ ग्रॅमचे, नव्याने ४०० ग्रॅमचे. तसेच बांगडीचे. ‘दोन-सहा’ ह्या मापाचा अर्थ दोन इंच आणि सहा सोळांश इंच, म्हणजे सुमारे ६०.३ मिलिमीटर आतला व्यास. आकृती काढणाऱ्याने ते २.६ इंच असे वाचले, तर व्यास ६६ मिलिमीटर होतो आणि बांगडी हातातून गळून पडते. यंत्र येथे निर्दोष आहे; चूक भाषांतराची आहे.

तेव्हा खापरसारख्या गावी असा अभ्यास करावयाचा झाल्यास पडद्यावरील चित्रे दाखवून पसंती विचारणे पुरेसे नाही. चित्र लहानमोठे करता येते, म्हणून त्यात प्रमाण राहत नाही. ते मुके असते, म्हणून पैंजणांचा नाद त्यात नसतो. मुद्रणयंत्रातून काढलेला प्लास्टिकचा नमुना हातात दिला तर आकार व माप कळते, पण तो इतका हलका असतो की वर सांगितलेला मुख्य मुद्दाच नाहीसा होतो. नमुन्यात शिशाचे छरे भरून अपेक्षित वजन आणणे हा साधा उपाय आहे. त्याहून बरा उपाय म्हणजे घरातील जुना डागिनाच मध्ये ठेवून बोलणे ऐकणे : तो कोणी कोणाला दिला, केव्हा काढतात, केव्हा घालतात, त्याच्या कोणत्या भागाला काय नाव आहे. नावे विचारून मिळत नाहीत, ती बोलण्याच्या ओघात येतात. क्षेत्रकार्य केलेल्या कोणाही भाषाभ्यासकास हे ठाऊक आहे.

मिळालेल्या आकृतीवर हक्क कोणाचा, हा प्रश्न अवघड आहे. २००० सालच्या अभिकल्प अधिनियमाखाली नव्या आकृतीचीच नोंदणी होते. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले कडे नवे नसल्याने त्याला ते संरक्षण नाही. त्यात थोडा फेरफार करून नवी म्हणून नोंदविलेली आकृती मात्र प्रथम दहा आणि मागाहून आणखी पाच वर्षे सुरक्षित राहू शकते. १९९९ चा भौगोलिक निर्देशन अधिनियम उत्पादकांच्या समूहास आधार देतो. पण सातपुड्यात घडविणारा सोनार आणि रूप टिकविणारी आदिवासी स्त्री हे बहुधा दोन निराळ्या समाजांतील आहेत, आणि कायद्याच्या भाषेत ‘धारण करणारी’ असा कोणी उत्पादक नाही.

निदान नोंद तरी नीट व्हावी. ‘आदिवासी कंठभूषण’ असे शीर्षक देऊन साठविलेली आकृती कोणत्याही दिशेने शोधता येत नाही. नोंदीत बोलणारीच्या बोलीतील नाव, तेथील उच्चाराप्रमाणे, असावे. भरीव की पोकळ, घडीव की ओतीव, वजन ग्रॅममध्ये, आणि घालण्याचा प्रसंग हेही असावे. लिपीचा प्रश्न त्यातच येतो. वसावी बोलणारे सीमेच्या दोन्ही बाजूंस आहेत : खापरकडे ती देवनागरीत लिहिली जाईल, पलीकडे सागबारा आणि डेडियापाडा येथे गुजराती लिपीत. एकाच कड्याच्या त्यामुळे दोन नोंदी होतील, आणि त्या एकाच कड्याच्या आहेत हे यंत्रास कळावयाचे असेल, तर दोन्ही लिपींतील नावे एकाच नोंदीखाली प्रथमपासून बांधून ठेवावी लागतील.