खाणीतला माणूस नेमका कुठे आहे?

भूमिगत कोळसा खाणीत साधा मोबाइल किंवा वॉकीटॉकी फारसा उपयोगी पडत नाही. खडक आणि कोळसा रेडिओलहरी शोषून घेतात. बोगद्याची दोन-तीन वळणे झाली की आवाज विरतो. त्यात मिथेनचा धोका. हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्के असेल, तर एक ठिणगीही स्फोटाला पुरते. त्यामुळे खाणीतल्या उपकरणांच्या शक्तीवर मर्यादा येते आणि पल्लाही आखडतो.

२ जानेवारी २००६ रोजी अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनियाच्या सेगो खाणीत स्फोट झाला आणि दूरध्वनीच्या तारा तुटल्या. आत अडकलेल्यांपैकी १२ जणांनी पडद्यांचा आडोसा केला आणि छताच्या बोल्टवर घण मारून खुणा दिल्या. त्या ऐकणारे यंत्र वर नव्हते. सुमारे ४१ तासांनी बचाव पथक पोहोचले, तेव्हा त्यांतला एकच जिवंत होता. बाहेर मात्र बाराही जण वाचल्याची बातमी पसरली आणि कुटुंबीयांना खरे कळायला सुमारे तीन तास लागले.

त्याच वर्षी जूनमध्ये झालेल्या ‘माइनर’ कायद्याने तीन वर्षांच्या आत दुतर्फा बिनतारी संपर्क आणि कामगारांचा इलेक्ट्रॉनिक माग बंधनकारक केला. पदार्थविज्ञान मात्र कायद्याच्या मुदतीने चालत नाही. पूर्णपणे बिनतारी यंत्रणा उपलब्ध नसल्याचे ओळखून २००९ मध्ये पर्यायी यंत्रणांना मुभा मिळाली.

त्यांतली सर्वांत रुळलेली यंत्रणा म्हणजे लीकी फीडर. ही मुद्दाम सच्छिद्र कवच दिलेली केबल असते. ठिबक सिंचनाच्या नळीतून पाणी झिरपावे तसा तिच्यातून संदेश सर्व लांबीभर झिरपतो आणि हातातल्या संचाचा आवाजही ती उचलून घेते. ठरावीक अंतरावर अॅम्प्लिफायर लागतात. छत कोसळून केबल तुटली, की पुढचा भाग मुका होऊ शकतो. एकमेकांशी जोडलेल्या अनेक संदेशकेंद्रांच्या, म्हणजे नोडच्या, मेश यंत्रणेत एक नोड बंद पडला तर संदेश दुसऱ्या वाटेने जातो, पण तशी वाट शिल्लक असावी लागते.

खडक भेदून जाणाऱ्या लहरी अतिशय कमी वारंवारतेच्या असतात. ऑस्ट्रेलियात विकसित झालेली ‘पेड’ यंत्रणा त्यांच्या जोरावर कामगाराच्या कॅप लॅम्पपर्यंत लिखित निरोप पोहोचवते. १९९८ मध्ये युटाच्या विलो क्रीक खाणीला आग लागली, तेव्हा कामगारांना बाहेर काढताना ती उपयोगी पडली. पण ‘पेड’ एकतर्फी आहे. खालून उत्तर देता येत नाही.

माग काढण्यासाठी कामगाराजवळ टॅग असतो आणि बोगद्यात रीडर बसवलेले असतात. अनेक यंत्रणांत पडद्यावर दिसते ती त्याची अचूक जागा नसून तो शेवटचा कोणत्या रीडरजवळून गेला याची नोंद असते. तरीही बचावाच्या दृष्टीने ही नोंद संभाषणाहून मोलाची ठरते, कारण बेशुद्ध माणूस बोलू शकत नाही.

५ एप्रिल २०१० रोजी वेस्ट व्हर्जिनियातल्याच अपर बिग ब्रांच खाणीत स्फोट होऊन २९ कामगार दगावले. तिथली माग यंत्रणा पूर्ण बसवलेली नव्हती. बेपत्ता चौघांचा शोध चार दिवस चालला.