१०२४ व्या जोडणीपाशी अडलेले प्रसारण

दहा गिगाबिटची लाइन असलेल्या सर्व्हरवरून एखादा कार्यक्रम थेट दाखवला जातो आहे, असे धरू. प्रत्येक प्रेक्षकाला सेकंदाला दोन मेगाबिट लागतात. म्हणजे हिशेबाने ५,००० जण मावायला हवेत. प्रत्यक्षात हजाराच्या आसपास दार बंद होते. नव्याने येणाऱ्याच्या मोबाइलवर नुसते चक्र फिरत राहते. प्रोसेसर निवांत, मेमरी मोकळी. मग घाईघाईने आणखी मोठा सर्व्हर भाड्याने घेतला जातो आणि तोही हजारालाच अडतो.

खरी खूण आधीच आत असलेल्या प्रेक्षकांकडे असते. त्यांचे चित्र अडखळते आहे का, हे सर्वांत आधी विचारावे. लाइन भरली की त्रास सगळ्यांच्याच वाट्याला येतो. चित्र धूसर होते, थांबत थांबत चालते. आतले निर्धास्त पाहत असतील आणि फक्त नवे बाहेर अडकले असतील, तर बहुधा कुठेतरी मोजणी संपलेली असते.

लिनक्समध्ये नेटवर्कवरची प्रत्येक जोडणी उघड्या फायलीसारखी हाताळली जाते. तिला एक क्रमांक मिळतो, आणि एका प्रोग्रॅमला असे किती क्रमांक मिळतील याची मूळ मर्यादा सहसा १०२४ असते. त्यातले काही लॉगमध्ये नि अंतर्गत कामांत खर्ची पडतात, उरलेले प्रेक्षकांना. ते संपले की लॉगमध्ये ‘टू मेनी ओपन फाइल्स’ ही ओळ धडाधड उमटू लागते. बाहेरच्या प्रेक्षकाला मात्र नकारही कळत नाही. लिनक्सचा गाभा असलेला कर्नल त्याची जोडणी पुरी करून रांगेत ठेवतो, पण प्रोग्रॅमला ती उचलता येत नाही. मोबाइलवर चक्र फिरते ते यामुळे.

हा आकडा आला कुठून? अनेक जोडण्यांवर एकदम लक्ष ठेवणारे ‘सिलेक्ट’ हे जुने फंक्शन १०२४ पेक्षा जास्त क्रमांक हाताळू शकत नाही. एका सर्व्हरला एकाच वेळी १०,००० ग्राहक का झेपू नयेत, हा प्रश्न डॅन केगेल यांनी १९९९ मध्ये ठासून मांडला. २००२ मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये ‘ईपोल’ ही त्याच कामाची नवी सोय आली आणि ती अडचण मुळातून सुटली. ‘सिलेक्ट’वर चालणारे जुने प्रोग्रॅम कोलमडू नयेत म्हणून आकडा मात्र तसाच ठेवला गेला. कारण रास्त आहे, पण त्याची झळ आजच्या प्रसारणाला बसते.

दुरुस्ती करतानाही एक जागा हमखास फसवते. टर्मिनलमध्ये ‘यूलिमिट’ने मर्यादा वाढवली तर ती त्या टर्मिनलपुरती आणि तिथून सुरू केलेल्या प्रोग्रॅमपुरतीच असते. लिनक्समधल्या सेवा सांभाळणाऱ्या ‘सिस्टमडी’ने चालवलेली सेवा तिच्याकडे पाहतही नाही; तिची मर्यादा तिच्या स्वतःच्या सेवा-फायलीत लिहावी लागते. म्हणून चालू प्रोसेसला प्रत्यक्षात किती मर्यादा लागू आहे, हे ‘प्रॉक’ फोल्डरमध्ये जाऊन वाचावे. एवढे पाहिले तर कित्येक तासांचा मनस्ताप वाचतो.

पुढची गाठ एनजिनएक्स या वेब सर्व्हर प्रोग्रॅमची. त्याच्या प्रत्येक वर्करला, म्हणजे जोडण्या हाताळणाऱ्या प्रोसेसला, मुळात ५१२ जोडण्या मिळतात, आणि मागच्या सर्व्हरकडून चित्र आणताना उघडलेल्या जोडण्याही त्यातच मोजल्या जातात. एका प्रेक्षकामागे दोन जोडण्या लागल्या की ५१२ चे २५६ होतात. पोर्ट ६५,५३५ असल्यामुळे प्रेक्षकही तेवढेच, हा समज मात्र सोडून द्यावा. जोडणीची ओळख दोन्ही टोकांचे पत्ते आणि दोन्ही पोर्ट मिळून ठरते. सर्व्हरच्या एकाच पोर्टवर लाखो प्रेक्षक असू शकतात.

तरीही मर्यादा अफाट करून मोकळे होणे मला पटत नाही. याच लाइनवर ६,००० जण घेतले तर सगळ्यांचेच चित्र अडखळेल. प्रेक्षकांची मर्यादा थोडी जागा राखून ४,००० ठेवावी, फायलींची त्याच्या दुपटीहून जास्त, आणि ४,००१ व्या प्रेक्षकाला चक्राऐवजी ‘जागा भरली आहे’ असा स्पष्ट निरोप द्यावा.