जमीन-सनदा आणि करनोंदींतून घराण्याचा शोध : वसाहतकालीन व्हर्जिनियातील जॉन्सन कुटुंब

कुटुंबेतिहासाच्या अभ्यासात जन्म, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदी ही सर्वसाधारणपणे पहिली साधने मानली जातात. सतराव्या शतकातील व्हर्जिनियाच्या बाबतीत मात्र या साधनांवर विसंबून राहता येत नाही. राज्यव्यापी जन्म-मृत्यू नोंदणी तेथे १८५३ साली सुरू झाली आणि त्यापूर्वीच्या चर्चमधील नोंदवह्या फारच तुटक स्वरूपात शिल्लक आहेत. याउलट जमीन आणि कर या दोन गोष्टींत वसाहतीच्या शासनाला प्रत्यक्ष स्वारस्य होते. त्यामुळे त्यासंबंधीची कागदपत्रे अधिक काळजीपूर्वक लिहिली गेली आणि काही ठिकाणी ती टिकलीही. ही कागदपत्रे कुटुंबाचा वृत्तान्त सांगण्यासाठी लिहिलेली नव्हती, ही गोष्ट त्यांचा उपयोग करताना सतत ध्यानात ठेवावी लागते. प्रस्तुत लेखात चेसापीक उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावरील अँथनी जॉन्सन या आफ्रिकी मळेमालकाच्या कुटुंबाच्या आधारे या साधनांचे स्वरूप आणि त्यांच्या मर्यादा स्पष्ट केल्या आहेत.

साधनांचे स्वरूप

व्हर्जिनियात जमीन मिळविण्याचा मुख्य मार्ग 'हेडराइट' पद्धतीचा होता. १६१८ पासून रूढ झालेल्या या पद्धतीनुसार जो कोणी स्वखर्चाने एखाद्या माणसास वसाहतीत आणील, त्यास दर डोई ५० एकर जमिनीचा हक्क मिळत असे. हा हक्क सिद्ध झाल्यावर गव्हर्नरच्या नावे सनद निघे. तिच्यात एकरांची संख्या, ओढे व शेजारी यांच्या आधारे सांगितलेली चतुःसीमा आणि ज्यांच्या आगमनाबद्दल जमीन मिळाली त्यांची नावे असत. या सनदांच्या वह्या आज रिचमंड येथील राज्य ग्रंथालयात आहेत. नेल नुजेंट यांनी त्यांचे सारांश 'कॅव्हलियर्स अँड पायोनियर्स' या ग्रंथमालेत संकलित केले असून तिचा पहिला खंड १९३४ साली प्रसिद्ध झाला.

सनदेतील नामावळी वंशावळकारांना मोहात पाडते. १६३५ मध्ये जॉर्ज मेनिफी या मळेमालकाने सादर केलेल्या नावांत 'टोनी, ईस्ट इंडियन' अशी नोंद आढळते. व्हर्जिनियाच्या कागदपत्रांत आलेला हा हिंदुस्थानी माणसाचा अगदी आरंभीचा उल्लेख समजला जातो. त्याचे गाव, बंदर वा वय यांपैकी काहीही तेथे लिहिलेले नाही. नोंद घेणाऱ्याला त्याच्यापोटी मिळणाऱ्या ५० एकरांशीच कर्तव्य होते. शिवाय हे हक्क विकले जात, एकाच व्यक्तीबद्दल पुन्हा पुन्हा मागितले जात आणि कित्येक वर्षे पडून राहिल्यावरही वापरले जात. तेव्हा सनदेची तारीख ही आगमनाची तारीख नव्हे, हा या अभ्यासातील पहिला धडा आहे.

दुसरे साधन म्हणजे डोईपट्टीच्या याद्या. काउंटी न्यायालय दरवर्षी करपात्र माणसांची मोजणी करी आणि कर बहुधा तंबाखूच्या रूपात वसूल होई. पुरुष साधारणतः सोळाव्या वर्षी करपात्र ठरे. त्यामुळे एखाद्या घरात एका वर्षी एक आणि दुसऱ्या वर्षी दोन करपात्र माणसे दिसली, तर मुलगा सोळा वर्षांचा झाला असावा असा तर्क करता येतो. अर्थात, नवा चाकर आला असण्याचीही तितकीच शक्यता असते. इंग्रज कुटुंबातील पत्नी आणि कन्या या याद्यांत सहसा येत नाहीत. १६४३ च्या कायद्याने मात्र आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांनाही करपात्र ठरविले. एकाच गावातील सारख्याच एकरांच्या दोन कुटुंबांवर वर्णानुसार वेगळा बोजा पडावा, याची तरतूद येथे प्रथमच कायद्यात झाली. संशोधकाच्या दृष्टीने यातून एक विचित्र परिणाम उद्भवतो. ज्या स्त्रियांवर अन्याय झाला, त्याच स्त्रिया नोंदींत दिसतात.

यांखेरीज खरेदीखते, बक्षीसपत्रे, भाडेपट्टे, मृत्युपत्रे आणि न्यायालयाचे हुकूम हे सर्व काउंटीच्या दप्तरात एकत्र असे. व्हर्जिनियातील कित्येक काउंट्यांचे दप्तर आगीत नष्ट झाले. यादवी युद्धात सुरक्षिततेसाठी रिचमंडला हलविलेली कागदपत्रे १८६५ च्या आगीत जळाली, हा दैवदुर्विलासच म्हणावा लागेल. पूर्व किनाऱ्यावरील नॉर्थॅम्प्टन काउंटीचे न्यायालयीन दप्तर मात्र १६३२ पासून अखंड उपलब्ध आहे. जॉन्सन कुटुंबाचा माग लागतो तो याच कारणाने. अन्य एखाद्या काउंटीत असेच एखादे कुटुंब राहत असल्यास त्याचे नावही उरले नसण्याची शक्यता आहे.

अँटोनिओ ते अँथनी जॉन्सन

१६२५ च्या शिरगणतीत बेनेट यांच्या मळ्यावर 'अँटोनिओ, निग्रो' अशी नोंद असून तो 'जेम्स' नावाच्या जहाजातून १६२१ मध्ये आल्याचे म्हटले आहे. त्याच ठिकाणी 'मेरी, निग्रो स्त्री' ही 'मार्गरेट अँड जॉन' जहाजातून १६२२ मध्ये आल्याची नोंद आहे. आडनाव दोघांनाही नाही. यानंतर बराच काळ कागदपत्रे जवळजवळ मूक आहेत. पुढे पूर्व किनाऱ्यावर अँथनी आणि मेरी जॉन्सन हे स्वतंत्र दांपत्य दिसू लागते. अँटोनिओ तोच अँथनी, हे कोणत्याही एका कागदात लिहिलेले नाही. नावांची जोडी जुळते, आणि पुढील एका न्यायालयीन हुकमात हे दांपत्य ३० वर्षांहून अधिक काळ व्हर्जिनियाचे रहिवासी असल्याचे नमूद आहे. या दोन पुराव्यांवर ही ओळख उभी आहे आणि इतिहासकारांनी ती मान्य केली आहे.

२४ जुलै १६५१ रोजी अँथनीच्या नावे २५० एकरांची सनद निघाली. पाच हेडराइट, प्रत्येकी ५० एकर, असा सरळ हिशेब त्यात आहे. त्या पाच नावांत रिचर्ड जॉन्सन हे एक नाव आहे. अँथनीच्या मुलाचेही नाव रिचर्डच होते. तो अन्यत्रहून आणलेला चाकर नसून घरातीलच मुलगा असल्यास हक्कांची ही नामावळी किती लवचीकपणे वापरली जाई, याचे ते उदाहरण ठरते. पुढील वर्षी जॉन जॉन्सन याला ११ हेडराइटवर ५५० एकर मिळाले आणि १६५४ मध्ये रिचर्डला दोन हेडराइटवर १०० एकर. या जमिनी एकमेकींना लागून होत्या. 'जॉन जॉन्सन' हे नाव इंग्रजांतही सर्रास असताना हा जॉन अँथनीचाच पुत्र, हे ठरविण्यास चतुःसीमेचा मोठा उपयोग होतो. नावे सारखी असू शकतात, पण ओढा आणि बांध सहसा तेच राहतात.

येथे एका व्यावहारिक अडचणीकडेही लक्ष वेधणे आवश्यक आहे. ही जमीन ज्या परिसरात होती तो आरंभी ॲकोमॅक म्हणून ओळखला जाई. १६४३ च्या सुमारास त्याचे नाव नॉर्थॅम्प्टन झाले आणि १६६३ मध्ये उत्तरेकडील भाग तोडून पुन्हा ॲकोमॅक नावाची निराळी काउंटी झाली. कुटुंब जागचे न हलताही त्याचे दप्तर बदलते. तारखांचेही तसेच. इंग्रजी अमलाखाली १७५२ पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असल्याने मूळ कागदातील फेब्रुवारी १६५२ हा आजच्या गणनेने फेब्रुवारी १६५३ असतो. हे न जाणता केलेल्या वंशावळीत बाप मुलाच्या आधी वर्षभर मरण्यासारखे चमत्कार घडतात.

करमाफीचा हुकूम

त्याच फेब्रुवारी १६५३ मध्ये नॉर्थॅम्प्टन न्यायालयासमोर जॉन्सन कुटुंबाचा अर्ज आला. मळ्यावर आग लागून मोठे नुकसान झाले होते. न्यायालयाने या दांपत्याचा दीर्घकाळचा रहिवास आणि कष्ट यांचा उल्लेख करून मेरी आणि तिच्या दोन कन्यांना हयातभर काउंटीच्या करांतून मुक्त केले.

हुकूम अवघ्या काही ओळींचा आहे, परंतु कुटुंबेतिहासाच्या दृष्टीने तो सनदेपेक्षा मोलाचा ठरतो. एक तर जमिनीच्या कागदांत कोठेही न येणाऱ्या दोन मुलींचे अस्तित्व त्यातून समजते. दुसरे असे की, १६४३ च्या कायद्यान्वये या तिघी करपात्र नसत्या, तर त्यांना सूट देण्याची गरजच पडली नसती. या सवलतीने काही काळ तरी जॉन्सन कुटुंबातील स्त्रियांना इंग्रज शेजारणींच्या बरोबरीने बसविले. टी. एच. ब्रीन आणि स्टीफन इनिस यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या हुकमाचे महत्त्व याच दृष्टीने सांगितले आहे. १६६८ मध्ये मात्र वसाहतीच्या विधिमंडळाने स्वतंत्र असलेल्या आफ्रिकी स्त्रियांनाही कर भरावाच लागेल असे स्पष्ट केले. पूर्वी कदाचित स्थानिक न्यायाधीशांच्या मर्जीवर सोडलेली बाब आता कायद्याने बंद झाली.

कॅसर प्रकरण

अँथनी जॉन्सनचे नाव आज बहुधा जॉन कॅसर खटल्यामुळे घेतले जाते. आपला करार सात-आठ वर्षांचा होता आणि जॉन्सनने आपल्याला त्याहून अधिक काळ ठेवले, अशी कॅसर या आफ्रिकी चाकराची तक्रार होती. तो शेजारच्या रॉबर्ट पार्कर याच्याकडे गेला. जॉन्सनने दावा लावला आणि मार्च १६५५ मध्ये न्यायालयाने कॅसर हा जॉन्सनचा आजन्म चाकर असल्याचे मान्य करून त्यास परत पाठविले. या निकालावरून जॉन्सन हा अमेरिकेतील पहिला गुलामधारक होता, असे विधान वरचेवर केले जाते. ते टिकण्याजोगे नाही. जॉन पंच या पळून गेलेल्या आफ्रिकी चाकरास व्हर्जिनियाच्या न्यायालयाने १६४० मध्येच आजन्म चाकरीची शिक्षा दिली होती. त्याच्या दोन गोऱ्या साथीदारांची मात्र चाकरीची मुदतच वाढविण्यात आली. कॅसर प्रकरणाचे गांभीर्य याने कमी होत नाही. एक स्वतंत्र आफ्रिकी माणूस दुसऱ्या आफ्रिकी माणसाचे स्वातंत्र्य हिरावून घेण्यासाठी न्यायालयात गेला आणि न्यायालयाने त्याला साथ दिली, हे वास्तव आहे.

वंशावळकारास या खटल्यात आणखी एक धागा सापडतो. पत्नी, दोन पुत्र आणि जावई यांनी गळ घातल्यामुळे अँथनीने कॅसरला प्रथम सोडून दिले होते, असे साक्षीत आले आहे. म्हणजे १६५४ पर्यंत एका मुलीचा विवाह झालेला होता. हे सांगणारा विवाहाचा कागद नाही. ती माहिती अगदी निराळ्या वादातील साक्षीतून हाती लागते.

स्थलांतर आणि जप्ती

१६६५ च्या सुमारास अँथनीने आपल्या जमिनीपैकी २०० एकर विकले, ५० एकर रिचर्डला दिले आणि उर्वरित कुटुंबासह तो उत्तरेस मेरीलँडच्या सॉमरसेट भागात गेला. तेथे त्याने ३०० एकरांची जमीन भाडेपट्ट्याने घेतली. तिचे नाव 'टोनीज व्हिनयार्ड' असे आढळते. याच सुमारास रँडल रेव्हेल आणि ॲन टॉफ्ट यांनी मेरीलँडमध्ये जमीन मागताना ज्यांची नावे सादर केली, त्यांत अँथनी, मेरी आणि कॅसर यांचीही नावे आहेत. चाळीसहून अधिक वर्षे चेसापीकच्या काठी राहिलेले, स्वतःची गुरे आणि जमीन बाळगणारे दांपत्य कागदोपत्री पुन्हा एकदा 'आणलेली माणसे' झाले. ही एकच नोंद हाती असती, तर अँथनी १६६५ च्या सुमारास प्रथमच किनाऱ्यास लागला, असा निष्कर्ष कोणीही काढला असता.

अँथनी मेरीलँडमध्ये वारला. मेरीने भाडेपट्टा ९९ वर्षांसाठी करून घेतला आणि पुढे १६७२ मध्ये नातवंडांच्या नावे गाईगुरे करून दिली. विधवेच्या या दस्तांतून तिसरी पिढी नावानिशी समोर येते. जमीन ज्येष्ठ पुत्राकडे जाण्याच्या इंग्रजी प्रथेमुळे धाकट्यांची नावे जमिनीच्या कागदांतून गळतात. गुरांच्या वाटणीत ती टिकतात.

ऑगस्ट १६७० मध्ये व्हर्जिनियातील पंचांनी निकाल दिला, की अँथनी जॉन्सन निग्रो होता, म्हणून परका होता, म्हणून त्याची तेथील जमीन सरकारजमा होऊ शकते. रिचर्डला दिलेले ५० एकर अशा रीतीने गेले. एरव्ही कायदेशीर वारस नसलेल्या किंवा परदेशी माणसाच्या जमिनीस हा नियम लागे. येथे वारस जिवंत होता, जमिनीची सनद सरकारनेच दिलेली होती आणि मृत माणसाला त्याच काउंटीच्या न्यायालयाने १७ वर्षांपूर्वी जुना रहिवासी म्हणून गौरविले होते. सनद, विक्री, बक्षीस आणि जप्ती हे चार कागद ओळीने ठेवले असता वर्णभेदाचा कायदा कसकसा घट्ट होत गेला, ते कोणत्याही भाष्यावाचून दिसते.

अँगोला आणि त्यापुढे

१६७७ मध्ये अँथनीचा नातू, धाकटा जॉन जॉन्सन, याने मेरीलँडमध्ये ४४ एकर जमीन खरेदी केली आणि तिला 'अँगोला' असे नाव दिले. कुटुंबाच्या मूळ प्रदेशाकडे बोट दाखविणारी ही खूण संशोधकांना जमिनीच्या नावातच सापडली. तो निपुत्रिक वारला. १७३० पर्यंत जॉन्सन घराणे कागदपत्रांतून नाहीसे झाले, असे त्यानंतर अनेक पुस्तकांत लिहिले गेले.

या विधानाचा अर्थ सावधपणे लावावयास हवा. 'अँगोला'ची मालकी खुंटली, एवढेच त्या दस्तांवरून सिद्ध होते. रिचर्डची संतती त्या दस्तांत नव्हतीच. जमीन गेलेल्या कुटुंबाला खरेदीखतात शोधणे व्यर्थ असते. त्याचा शोध डोईपट्टीच्या याद्यांत, दुसऱ्याच्या मळ्यावर मोजल्या गेलेल्या माणसांत, कर्जाच्या दाव्यांत आणि शेजारच्या वसाहतींच्या न्यायालयांत घ्यावा लागतो. स्वतंत्र आफ्रिकी कुटुंबांच्या वंशावळी संकलित करणारे पॉल हाइनेग यांनी याच मार्गाने डेलावेअरपर्यंत या घराण्याचा माग नेला आहे. तेथील याद्यांत ओढ्यांची नावे आणि चतुःसीमा नाहीत. आहेत ती माणसांची नावे, त्यांच्यापुढे लिहिलेला वर्ण आणि त्यांच्याकडून येणे असलेला कर.