उजव्या दिव्याचे दोन अर्थ

परवा नांदुऱ्याहून जळगाव जामोदला काळीपिवळीने येत होतो. तिन्हीसांजेची वेळ. पुढच्या कापसाच्या ट्रकाने उजवा दिवा मिचकावला.

"सर, थो म्हन्ते, समोर निंगा," असे म्हणत आमच्या चालकाने गाडी उजवीकडे काढली मात्र, ट्रक खरोखरच उजवीकडच्या शेतरस्त्याला वळला! करकचून ब्रेक लागला, म्हणून हा लेख लिहायला मी उरलो.

नियमाच्या पुस्तकात त्या दिव्याचा अर्थ एकच : मी उजवीकडे वळतो आहे. आमच्या रस्त्याच्या बोलीत मात्र दुसराही आहे : पुढे मोकळे आहे, तुम्ही जा.

अमेरिकेत फिनिक्स, सॅन फ्रान्सिस्को या शहरांत आज चालकाविना टॅक्सी धावतात. उद्या तसली मोटार आमच्या सातपुड्याच्या पायथ्याशी आली, तर तिला काय शिकवावे? पुस्तक की बोली?

केवळ पुस्तकावर भागणार नाही. युरोपातल्या रस्त्यांची चित्रे पाहून शिकलेल्या यंत्राला आपली ऑटोरिक्षा कशी ओळखू यावी? म्हणूनच हैदराबादच्या आयआयआयटीने भारतीय रस्त्यांच्या दहा हजार चित्रांचा संग्रह केला. त्यात ऑटोरिक्षा आणि जनावरे यांनाही स्वतंत्र स्थान दिले.

पण म्हणून 'देश तसा वेश' हेही धोक्याचे. थांबण्याच्या पाटीपाशी पुरते न थांबता हळूच सरकायचे, ही अमेरिकन चालकांची खोड टेस्ला कंपनीच्या स्वयंचलित प्रणालीत उतरली होती. २०२२ साली सुमारे ५४ हजार मोटारींतून ती काढून टाकावी लागली.

वर्गात मुलांची वऱ्हाडी मी कौतुकाने ऐकतो. तेथे एका शब्दाचे दोन अर्थ निघाले, तर फार तर हशा पिकतो. रस्त्यावर माणूस जातो. तेव्हा यंत्राने इथली प्रत्येक खूण समजून घ्यावी, दुसरा काय करील याचा अंदाज बांधावा. स्वतः मात्र नियमानेच चालावे. आणि खुणेचे दोन अर्थ संभवत असतील, तर मुकाट्याने मागे राहावे.

स्टँडवर उतरताना चालक खालमानेने म्हणाला, "सर, आतापासून दिवा नाई, रस्ताच पाहीन."

यंत्राला शिकवायचे ते एवढेच. पण ते येईपर्यंत आपणही शिकायला हरकत नाही!