टपालातून शिकलेला स्वयंपाक

बीबीसीने 1982 साली ‘मधुर जाफरीज इंडियन कुकरी’ ही मालिका सुरू केली. तिच्यात मधुर जाफरींनी लिंबू आणि भरघोस कोथिंबीर घातलेली कोंबडी करून दाखवली, आणि दुसऱ्या दिवशी मँचेस्टरच्या बाजारात कोथिंबीर औषधालाही उरली नाही, असं सांगतात. ही गोष्ट इतक्यांदा सांगून झाली आहे की तिला थोडंफार तिखटमीठ लागलं असणारच. पण ज्या देशात भारतीय जेवण म्हणजे डब्यातली करी पावडर किंवा हॉटेलातला लालभडक रस्सा अशी समजूत होती, तिथल्या बायकापुरुषांनी वही-पेन्सिल घेऊन टीव्हीसमोर बसावं, हे घडलं खरं. घडवणारी बाई ना हॉटेलातली आचारी होती, ना पाकशास्त्राची पदवीधर. ती नटी होती, आणि वयाच्या विशीपर्यंत तिला स्वयंपाकाचा गंधही नव्हता.

खाणारं घर

मधुर यांचा जन्म 13 ऑगस्ट 1933चा, दिल्लीतल्या माथुर कायस्थ कुटुंबातला. जन्मल्याबरोबर आजीने मधात बोट बुडवून नातीच्या जिभेवर ॐ काढला, असं त्यांनी आपल्या बालपणीच्या आठवणींत लिहिलं आहे. यमुनेजवळ आजोबांचं मोठं घर, काका-चुलत भावंडांचा गोतावळा, जेवायला रोज पंगतच. उन्हाळ्यात मुलं आंब्याच्या झाडांवर चढून बसत आणि कैरीच्या फोडी मीठ, मिरी, लाल तिखट, भाजलेलं जिरं यांच्या मिश्रणात बुडवून खात. कायस्थांच्या खाण्यात हिंदू आणि मोगलाई अशा दोन्ही रीती मिसळलेल्या. शाळेच्या डब्यात मुसलमान, जैन, पंजाबी मैत्रिणींच्या घरची चव यायची. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी दिल्लीला तंदूरची गोडी लावली, तीही या मुलीने उमलत्या वयात चाखली.

खाणं असं चहूबाजूंनी, पण रांधणं शून्य. घरात स्वयंपाकी होते. मुलींनी चुलीपाशी जायची गरजच नव्हती. शाळेत गृहशास्त्र होतं, त्यात इंग्रजी पद्धतीचे आजाऱ्याला द्यायचे मिळमिळीत पदार्थ शिकवत. परीक्षेत मात्र पुढ्यात बटाटे, टोमॅटो, कांदे, आलं-लसूण, मसाले आणि लाकडाची चूल आली. मुलगी सपशेल नापास झाली.

आईची पत्रं

दिल्लीच्या मिरांडा हाउस कॉलेजातून बीए, मग आकाशवाणीवर काम, आणि तिथून 1950च्या दशकाच्या मध्यावर लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टमध्ये नाट्यशिक्षण. युद्धानंतरचं रेशनिंग नुकतंच संपलं होतं. कँटीनमध्ये पाणचट कोबी आणि राखाडी पडलेलं मांस. घरच्या चवीची आठवण असह्य झाली तेव्हा तिने आईला लिहिलं, मला स्वयंपाक शिकव.

आईची उत्तरं हिंदीतून, हवाई टपालाच्या पातळ कागदावर येऊ लागली. जिरा आलूसारखे सोपे पदार्थ, तीनचार ओळींत उरकलेले. आपल्याकडच्या आयांची पत्रं ज्यांनी जपून ठेवली आहेत त्यांना ती भाषा ठाऊक असेल. तेलात हिंग टाक, जिरं तडतडलं की बटाटे घाल, रंग आला की उतरव. किती हिंग? किती वेळ? रंग म्हणजे कोणता? या प्रश्नांना पत्रात उत्तर नसतं, कारण लिहिणारीला ते प्रश्न पडतच नाहीत. तिच्या हाताला ते माहीत असतं.

लंडनमधल्या या मुलीकडे तो हात नव्हता. तिच्याकडे होती जीभ. लहानपणी खाल्लेल्या प्रत्येक घासाची चव तिच्या तोंडात शाबूत होती. करायचं, चाखायचं, बिघडलं की पुन्हा करायचं, जोवर ती आठवणीतल्या चवीशी जुळत नाही तोवर. पुढच्या सगळ्या कीर्तीचं भांडवल मला इथे दिसतं. ज्याला लहानपणापासून येतं त्याला आपण काय करतो ते सांगता येत नाही. जो शून्यापासून शिकतो त्याला वाटेतला प्रत्येक खड्डा माहीत असतो.

नटीची ओळख बदलली

अकॅडमीतून बाहेर पडल्यावर त्या अमेरिकेला गेल्या, नट सईद जाफरींशी लग्न झालं, तीन मुली झाल्या. मुंबईचे इस्माईल मर्चंट आणि अमेरिकन दिग्दर्शक जेम्स आयव्हरी यांची गाठ घालून देण्यात या दांपत्याचा वाटा होता. या जोडीच्या ‘शेक्सपिअर वाला’ या चित्रपटासाठी मधुर यांना 1965च्या बर्लिन महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं रौप्य अस्वल मिळालं. पण न्यूयॉर्कमध्ये भारतीय नटीला कामं ती किती मिळणार? त्यात संसार मोडला. मुलींना काही काळ दिल्लीला आईवडिलांकडे ठेवावं लागलं.

इथे मर्चंट यांची व्यापारी बुद्धी कामी आली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे खाद्यसमीक्षक क्रेग क्लेबोर्न यांना त्यांनी गळ घातली की स्वयंपाक करणाऱ्या या नटीवर लिहा. हेतू सिनेमाच्या जाहिरातीचा. लेख 1966 साली छापून आला. लोकांनी सिनेमापेक्षा स्वयंपाक लक्षात ठेवला. पाककृती विचारल्या जाऊ लागल्या आणि पुस्तकाचा विषय निघाला.

‘अ‍ॅन इन्व्हिटेशन टू इंडियन कुकिंग’ प्रसिद्ध व्हायला 1973 साल उजाडलं. नॉफ प्रकाशनाच्या संपादिका होत्या ज्युडिथ जोन्स. डबलडे प्रकाशनाच्या पॅरिस कचेरीत नाकारलेल्या हस्तलिखितांतून अ‍ॅन फ्रँकची डायरी ज्यांनी बाहेर काढली त्याच या बाई, आणि अमेरिकेला फ्रेंच स्वयंपाक शिकवणाऱ्या ज्युलिया चाइल्डचं पुस्तक उभं करणाऱ्याही त्याच.

हे पुस्तक उघडलं की आईच्या पत्रांचं काय झालं ते कळतं. आल्याचा ‘तुकडा’ इथे नाही. एक इंच लांब आणि एक इंच रुंद तुकडा आहे. वाटण वाटायला पाटा-वरवंटा नाही, ब्लेंडर आहे, आणि त्यात किती पाणी घालायचं तेही दिलेलं आहे. अमेरिकन दुकानात जे मिळत नाही त्याच्या जागी काय चालेल, हे सांगितलेलं आहे. आपल्याकडे कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने 1970 साली वाटी-चमच्याच्या मापाने जे काम मराठी सुनांसाठी केलं, तेच हे काम. करी पावडरवर मात्र बाईंनी सरळ काट मारली. सगळ्या भाज्यांना आणि सगळ्या मांसाला एकच भुकटी लावणं त्यांना मान्य नव्हतं.

कॅमेऱ्यासमोर

पुस्तक आणि टीव्ही यांच्यामध्ये नऊ वर्षं गेली. त्या काळात त्यांनी न्यूयॉर्कमध्ये जेम्स बिअर्ड यांच्या पाकशाळेत शिकवलं. समोर बसलेला विद्यार्थी कुठे अडतो, कांदा परतताना कुठे घाबरतो, हे तिथे कळलं. म्हणजे बीबीसीचं बोलावणं आलं तेव्हा तयारी झालेली होती.

टीव्हीवरचा स्वयंपाक म्हणजे दोन कामं एकाच वेळी करणं. हात कापत-परतत राहतात आणि तोंडाने पुढची पायरी सांगायची असते. उत्तम सुगरणीचीही इथे बोबडी वळते. नटीला ते जमतं. रंगमंचावर हातात वस्तू खेळवत संवाद म्हणणं हा तिचा धंदाच. ती लिंबू-कोथिंबिरीची कोंबडीच बघा. आधी तुकडे तेलात तांबूस परतून काढून ठेवायचे, त्याच तेलात लसूण, मग वाटलेलं आलं, मग कोथिंबीर, हिरवी मिरची, जिरेपूड, धनेपूड, हळद. शेवटी कोंबडी परत आत, लिंबाचा रस आणि झाकण. सगळं मिळून स्वयंपाकघरातला तासाभराचासुद्धा मामला नाही. घटक साधे, पायऱ्या मोजक्या, आणि ओळखीच्या कोंबडीला एकच अनोळखी गोष्ट लावलेली: ताजी कोथिंबीर. प्रेक्षकाला दुसऱ्या दिवशी करून बघावंसं वाटेल असाच तो पदार्थ होता.

वेळही जुळून आली होती. मालिका आली त्याच वर्षी अ‍ॅटनबरोंचा ‘गांधी’ हा चित्रपट आला, 1984 साली ‘द ज्युवेल इन द क्राउन’ ही मालिका. ब्रिटिश माणूस तेव्हा भारताकडे नव्याने बघत होता.

जे पडद्यावर आलं नाही

या यशाची दुसरी बाजूही लिहायला हवी. 1982 साली इंग्लंडमधल्या साउथॉल आणि लेस्टरमध्ये हजारो पंजाबी आणि गुजराती बायका रोज दोन वेळा घरचं जेवण रांधत होत्या. इंग्रजांनी ज्यांना इंडियन रेस्टॉरंट म्हणून डोक्यावर घेतलं, ती बहुतेक सिल्हेटकडच्या बंगाली माणसांनी चालवलेली. त्यांच्यातल्या कुणाला पडद्यावर ही जागा मिळाली नाही. मिळाली ती नाट्यशिक्षण घेतलेल्या, स्वच्छ इंग्रजी बोलणाऱ्या दिल्लीच्या बाईला. टीव्हीला हाताची चव दाखवता येत नाही. तो बोलणाऱ्याला निवडतो. शिवाय सुरुवातीला ‘भारतीय’ म्हणून जे समोर आलं त्यात दिल्ली-उत्तर प्रदेशचा वाटा मोठा होता. बाईंना याची जाणीव असावी. ‘अ टेस्ट ऑफ इंडिया’ (1985) आणि ‘फ्लेवर्स ऑफ इंडिया’ (1995) यांसाठी त्या गोवा, केरळ, गुजरात, बंगाल अशा प्रांतांत गेल्या आणि तिथल्या घरच्या चुलींपाशी बसल्या.

सन्मान मिळत गेले. 2004 साली ब्रिटनचा सीबीई हा किताब, 2022 साली भारताचं पद्मभूषण. नटी म्हणून कामं चालूच राहिली.

स्वयंपाकाच्या कार्यक्रमांची आज रेलचेल आहे, आणि फोन हातात असलेला कोणीही उद्या सकाळी आपला कार्यक्रम सुरू करू शकतो. त्या सगळ्यांना या चरित्रातून घेण्यासारखी गोष्ट एकच आहे. लोकांना मधुर जाफरींची कोंबडी आवडली, कारण ती त्यांना स्वतःच्या घरी जमली. ती जमावी म्हणून कुणीतरी आधी ‘अंदाजाने’ या शब्दाच्या पोटात शिरून इंच, चमचे आणि मिनिटं मोजली होती. आपल्या घरातल्या भाजणीचं, अनारशांचं, गोड्या मसाल्याचं माप अजून कुणाच्या तरी हातातच असेल, तर या दिवाळीत शेजारी बसून ते वहीत उतरवून घ्या.