निष्क्रिय खात्यातील चित्रपट

म्हैसूर शाखेत रुजू झाल्यावर येथील कन्नड वाहिन्यांचे एक वैशिष्ट्य चटकन ध्यानात आले. जुन्या चित्रपटांविषयी त्यांना ममत्व आहे. २४ एप्रिल ही डॉ. राजकुमार यांची जयंती. ती जवळ आली की ‘भक्त कुंबार’ (१९७४) हमखास दिसतो. त्यातील भक्त म्हणजे आपले गोरोबाकाका. ‘संत तुकाराम’ या १९६३ च्या कन्नड चित्रपटात तुकोबाही राजकुमारच झाले होते. आपले संत येथे घरोघरी भेटतात, याचा आनंद होतो. परंतु मराठी वाहिनी लावावी, तर तेच चार-सहा विनोदी चित्रपट आलटून पालटून चाललेले असतात. विनोदाशी आमचे वैर नाही. ‘अशी ही बनवाबनवी’ आम्हांसही पाठ आहे. तक्रार आहे ती उरलेल्यांच्या अनुपस्थितीबद्दल.

आमच्या शाखेत दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला देण्यासाठी एक वृद्ध निवृत्तिवेतनधारक भगिनी येतात. माहेर बेळगावचे. सही झाली की त्यांचा प्रश्न ठरलेला : “साहेब, पागनीसांचा तुकाराम कुठे लागणार आहे का हो?” दामले-फत्तेलाल दिग्दर्शित आणि विष्णुपंत पागनीस अभिनीत हा १९३६ चा ‘प्रभात’पट १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. आषाढी एकादशीच्या दुपारी तो दाखविण्यास कोणाची हरकत असावी?

हक्कांची अडचण सांगितली जाते. मात्र आपल्या कायद्यानुसार चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षांपर्यंतच टिकतो. त्यामुळे ‘प्रभात’च्या सुवर्णकाळातील चित्रपटांच्या बाबतीत खरा अडसर सुस्थितीतील प्रतीचा, आणि त्याहून अधिक इच्छेचा आहे. कृष्णधवल चित्रपटास जाहिराती मिळत नाहीत, हे व्यावसायिक गणित वाणिज्य शाखेच्या माझ्यासारख्या विद्यार्थ्यास कळते. तरी वर्षातून एक दुपार?

बँकेत दोन वर्षे व्यवहार न झालेले खाते निष्क्रिय ठरते. दहा वर्षे कोणी दावा केला नाही, तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते; पण वारस आला, तर ती परत मिळते. चित्रपटांना ही सोय नाही. कन्नडमधील पहिला बोलपट ‘सती सुलोचना’ ३ मार्च १९३४ रोजी बंगळूरमध्ये झळकला. त्याचे चित्रीकरण झाले कोल्हापूरच्या छत्रपती सिनेटोनमध्ये! माझ्या येथील सहकाऱ्यांना चित्रपटाचे नाव ठाऊक होते, कोल्हापूर ठाऊक नव्हते. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) तसाच गेला. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फितींच्या कोठारास आग लागली आणि ‘प्रभात’च्या कित्येक चित्रपटांच्या मूळ फिती भस्मसात झाल्या. सुदैवाने पुढे उतरविलेल्या प्रतींमुळे आपला तुकाराम वाचला.

२०२२ साली केंद्र शासनाने राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानांतर्गत सुमारे २,२०० चित्रपटांच्या जीर्णोद्धारासाठी ३६३ कोटी रुपयांची घोषणा केली. तरतूद स्वागतार्ह आहे. पण जीर्णोद्धार झालेली प्रत महोत्सवापुरतीच राहिली, तर म्हैसूरच्या आजीबाईंना तिचा काय उपयोग?

मला स्वतःला निवड करावयास सांगितली, तर आधी ‘कुंकू’ (१९३७) मागेन. जरठ वराशी लग्न लावून दिलेली, पण वाकण्यास तयार नसलेली नीरा शांता आपटे यांनी उभी केली. व्ही. शांताराम यांनी त्यात पार्श्वसंगीत टाळले. घरातील घड्याळासारखे आवाजच प्रसंग बोलका करतात. वाहिनीच्या सध्याच्या मालिकांत दार उघडले तरी ढोल वाजतात, त्या पार्श्वभूमीवर हा प्रयोग आजच्या तरुणांनी अवश्य पाहावा. मग ‘धर्मात्मा’ (१९३५). स्त्रीभूमिकांसाठी ख्यातकीर्त बालगंधर्व त्यात संत एकनाथ झाले आहेत. आमच्या पिढीने त्यांची केवळ ध्वनिमुद्रिका ऐकली आहे. ‘शेजारी’ (१९४१) आणि ‘रामशास्त्री’ (१९४४) आहेतच. पु. ल. देशपांडे यांचा ‘गुळाचा गणपती’ (१९५३) व राजा परांजपे यांचा ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०) कधीही, कोणत्याही वेळी चालतील. आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला (१९५३) पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले, हे आपण अभिमानाने सांगतो; त्यांचाच ‘महात्मा फुले’ (१९५४) ११ एप्रिलला फुले जयंतीनिमित्त लावता येईल.

यंदा दूरदर्शनच्या मुंबई केंद्रास या यादीसह पत्र पाठविले आहे. खाली त्या भगिनींनीही सही केली, दाखल्यावर करतात तशीच सावकाश, पूर्ण नावानिशी.